रोझविताबाई माफ करत नाहीत

रोझविताबाईंच्या ऑफिसात एकही चषक नव्हता. भिंतीवर एकच फोटो होता, आणि तो त्यांच्या वैरिणीचा होता.

हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी मी एसीच्या तक्रारीसाठी त्यांच्या खोलीत गेलो आणि फोटो बघून आदरानं थबकलो. पांढरा स्कर्ट, हातात लाकडी रॅकेट, नाक किंचित वर. आमच्याकडे भिंतीवर फोटो लागतो तो देवाचा, नाहीतर गेलेल्या माणसाचा. ही देव तर नव्हेच. म्हणून मी आवाज खाली आणून विचारलं, "केव्हा गेल्या?"

बाईंनी आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अजून नाही," त्या म्हणाल्या.

मी बहरीनमध्ये एका क्लबात ग्राउंड सुपरवायझर आहे. हुद्दा भारदस्त वाटतो म्हणून इंग्रजीतच सांगतो. काम म्हणजे नळ, दिवे, जाळ्या आणि मेंबरांची बोलणी. गाव संगमेश्वराकडे, खोली इथल्या नईम भागात, आणि टेनिसशी संबंध इतकाच की कोर्टावर पडलेले चेंडू रात्री मोजून कुलपात ठेवायचे. रोझविता लिंडनर या क्लबाच्या मुख्य टेनिस प्रशिक्षक. वय सत्तरीच्या उंबऱ्यावर, उंची माझ्यापेक्षा टीचभर जास्त, डावा गुडघा वाकायचा नाही. त्या पाय ओढत चालायच्या, पण अशा चालायच्या की वाटेत उभा असलेला माणूसच लंगडा असल्यासारखा बाजूला व्हायचा. मला त्या 'हेर साल्फी' म्हणायच्या, हेर म्हणजे जर्मन भाषेत श्रीयुत. साळवीचं साल्फी झालेलं मी चालवून घेतलं, कारण आमच्या हनीफभाईंनी त्यांच्या नावाचं त्याहून वाईट केलं होतं.

हनीफभाई राजापूरचे. क्लबात रॅकेटचं गटिंग करायचे, म्हणजे तारा ओढून बांधायचे. वीस वर्षं तेच काम, त्यामुळे बोटं तारेसारखी आणि बोलणंही ताणलेलं. ते बाईंना 'रोज विटा' म्हणायचे. "साळवी, रोज विटा आली बघ. आज कोणाच्या डोक्यात घालते कोण जाणे." बाईंचं इंग्रजी मोजकं, आमचं त्याहून मोजकं, म्हणून आमचं तिघांचं छान जमलं. खाली त्यांचं बोलणं मराठीत देतोय. धार माझ्याकडून बोथट झाली असेल तर ती माझी चूक.

बाईंची कारकीर्द मला गटिंगच्या टेबलाशी बसून तुकड्या-तुकड्यांनी कळली. कोळशाच्या खाणींच्या भागातलं गाव, वडिलांची बेकरी. बेकरीच्या मागच्या भिंतीवर ही मुलगी पहाटेपासून चेंडू मारायची, आणि आत वडील पाव करताना ठोके मोजायचे. ठोके थांबले की ओरडायचे. पुढे ती दोनदा जर्मनीची राष्ट्रीय विजेती झाली. बॅकहँड असा, की त्या काळात तिच्या बॅकहँडकडे चेंडू टाकायला कोणी धजायचं नाही. हे सगळं बाई दोन वाक्यांत उरकायच्या. विजेतेपदांबद्दल त्यांना बोलायला आवडायचं नाही. जिंकलेलं संपतं, असं त्यांचं मत. हरलेला सामना मात्र चेंडू-चेंडूनं सांगायच्या, आणि सांगायच्या तो एकच.

परदेशातली मोठी स्पर्धा, उपांत्य फेरी, लाल मातीचं कोर्ट. समोर इंग्लंडची पॉलिन, म्हणजे फोटोतलं ते वर गेलेलं नाक. आता ही लाल माती म्हणजे माती नसते, विटांची बारीक भुकटी असते, आणि तिच्यावर चेंडू पडला की अंगठ्याएवढी खूण उमटते. शंका आली तर पंच खुर्चीवरून उतरून खूण बघतो आणि निर्णय देतो. बाईंना सामना जिंकायला एकच गुण हवा होता. त्यांनी बॅकहँड मारला, चेंडू रेषेवर पडला, रेषेवरचा माणूस 'आउट' म्हणाला. बाई पंचाला म्हणाल्या, खूण बघा. पंच खुर्चीवरून उतरेपर्यंत पॉलिन खुणेपाशी गेली आणि बुटाच्या तळव्यानं ती पुसून टाकली. चुकून पाय पडला म्हणाली. पंचानं खांदे उडवले. त्यानंतर बाई तो सामना हरल्या, पुढच्या वर्षी गुडघा गेला, आणि खेळणं संपलं.

"तिनं मुद्दाम पुसलं हे कोणी बघितलं?" मी विचारलं होतं.

"मी," बाई म्हणाल्या. "माझ्या बाजूनं साक्षीदार मीच. कोण विश्वास ठेवणार?"

माणसानं सोडून द्यावं, असं मला आईनं, शाळेनं आणि तीन मॅनेजरांनी सांगितलं आहे. बाईंना ते पटायचं नाही. माफ करणं म्हणजे आळस, असं त्या म्हणायच्या. दुसऱ्यानं केलेलं लक्षात ठेवायला मेहनत लागते, ती जमत नाही म्हणून लोक मोठ्या मनाचे होतात. आणि त्या मेहनती होत्या. क्लबाच्या एका मॅनेजरनं त्यांच्या शेडखालची पार्किंगची जागा स्वतःला घेतली. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या सरावात बाईंची शेवटची सर्व्हिस जाळीवरून उडून नेमकी त्या गाडीच्या बॉनेटवर पडायला लागली. रोज एक. दुसरा चेंडू कधीही नाही. मॅनेजर चिडून आला की बाई गुडघ्यावर हात ठेवून म्हणायच्या, वय झालं हो, ताबा राहत नाही. आठव्या दिवशी गाडी उन्हात गेली, आणि बाईंचा ताबा परत आला.

त्यांच्याकडून स्फूर्ती घेऊन मीही एकदा सूड उगवला. मी गणपतीची सुट्टी सहा महिने आधी मागितली होती. ऑफिसातल्या एका गृहस्थानं गोड बोलून तीच तारीख स्वतःच्या नावावर करून घेतली. कोकणातल्या माणसाची गणपतीची सुट्टी खाणं म्हणजे काय, हे मी इथे समजावत बसत नाही. मी त्याच्या चहात दोन चमचे मीठ टाकलं. तो कप त्यानं पाहुणचार म्हणून मॅनेजरपुढे सरकवला. पुढच्या वर्षीही मी गणपतीला बहरीनमध्येच होतो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू घाई केलीस. घाईनं केलेला तो सूड नव्हे, हेर साल्फी. ती उलटी."

त्यांना घाई नव्हती हे मला विटांच्या कोर्टावरून कळलं. आमच्याकडची सगळी कोर्टं कडक, निळी. बाईंनी चार वर्षं अर्ज करून शेवटी एक लाल कोर्ट मंजूर करून घेतलं. कारण विचारलं तर मुलांच्या गुडघ्यांना बरं, असं लिहिलं होतं. विटांची भुकटी आणायची जबाबदारी माझी. युरोपातून मागवायला वेळ लागणार होता. मी म्हटलं त्यात काय, आमच्याकडे घरं बांधताना विटांची सुरखी करतातच, सलमाबादच्या एका वर्कशॉपमधून दळून आणतो. आणली. रंग झकास. फक्त त्याच यंत्रात आदल्या दिवशी सिमेंट मिसळलेलं होतं, आणि ते धुवायला सांगावं हे मला सुचलं नाही. कोर्ट पसरलं, रोलर फिरवला, आणि धूळ बसावी म्हणून मी संध्याकाळी भरपूर पाणी मारलं. सकाळी कोर्टाची फरशी झाली होती. मधोमध पाण्याचा पाइप रुतलेला, आणि कडेला माझी उजव्या पायाची चप्पल.

बाई कोर्टाच्या कडेला उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. रागावल्या नाहीत. मला एक हातोडा आणून दिला. पुढे खरी भुकटी आली, कोर्ट झालं, आणि त्यानंतर साडेतीन वर्षं त्या कोर्टावर रोज रोलर मीच फिरवला. दुसऱ्या कोणाला त्यांनी हात लावू दिला नाही. मला वाटायचं, विश्वास आहे. हनीफभाई म्हणायचे, "विश्वास नाय मेल्या, शिक्षा हाय ती."

गेल्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर एका पाहुण्या सभासदाचा फॉर्म आला. सीफ भागातल्या एका टॉवरमध्ये नोकरी करणाऱ्या इंग्रज मेंबरची आई, तीन महिन्यांसाठी आलेली. पास काढायला त्या स्वतः आल्या. केस पांढरे, गळ्यात मोती, आणि ते नाक. मी उठून उभा राहिलो. इतकी वर्षं रोज बघत असलेला चेहरा असा समोर आला की माणूस गप्प कसा बसेल? मी आनंदानं सांगून टाकलं की मॅडम, तुमचा फोटो आमच्या कोचच्या ऑफिसात आहे, एकटा तुमचाच आहे.

"कोण हो तुमच्या कोच?" त्यांनी कौतुकानं विचारलं. मी नाव सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि मग इतक्या मोकळ्या हसल्या, की मलाही त्या आवडून गेल्या.

हीच पंचाईत होती. पॉलिनबाई सगळ्यांना आवडल्या. वेटरांची नावं पाठ, मुलांना गोळ्या, हनीफभाईंच्या गटिंगची तारीफ. आणि आठवडाभरात त्यांनी कॅफेत चहा पिता पिता तो किस्सा सांगितला. लाल कोर्ट, बॅकहँड, पंच उतरतोय, "आणि मी म्हटलं, आता काय करावं, म्हणून पाऊल जरासं हलवलं." टेबलावरचे सगळे हसले. मी पलीकडे दिवा बदलत शिडीवर होतो. मी पण हसलो. खाली बघतो तर शिडी धरून रोझविताबाई उभ्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पॉलिनबाईंना खेळायचं आमंत्रण दिलं. एकच सेट, लाल कोर्टावर, शुक्रवारी दुपारी. पंच हनीफभाई, आणि पलीकडच्या रेषेवर मी.

मी हात जोडले. म्हटलं, बाई, मला टेनिसातलं काही कळत नाही.

"तू मूर्ख आहेस," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण खोटं बोलत नाहीस. मला तेवढं पुरे." मग माझ्या शर्टाची कॉलर सरळ करत म्हणाल्या, "मला तिच्या बाजूच्या रेषेवर एक चेंडू मारायचा आहे. खूण उमटली पाहिजे आणि ती सगळ्यांनी बघितली पाहिजे. एवढंच. मग मी घरी जाईन."

आठवडाभर मला शिकवणी चालली. नियम सोपा. चेंडू बाहेर पडला तर 'आउट' म्हणून ओरडायचं. आत पडला तर तोंड मिटून दोन्ही पंजे जमिनीकडे पालथे धरायचे. बोलायचं नाही. मी नईमच्या खोलीत आरशासमोर पंजे पालथे धरण्याचा सराव केला.

शुक्रवारी चाळीसएक माणसं जमली. पॉलिनबाईंचा मुलगा पुढच्या खुर्चीवर. हवा मऊ, वारा नाही, कोर्ट मी सकाळपासून चोपून गुळगुळीत केलेलं. दोघी सत्तरीच्या आसपासच्या, पण पाचव्या मिनिटाला कोणाच्या ते लक्षात राहिलं नाही. पॉलिनबाई धावायच्या. बाईंना धावता येत नव्हतं, म्हणून त्या चेंडूच्या आधी तिथे असायच्या. एका पायावर उभं राहून त्या अशा मारायच्या, की समोरची बाई आपोआप त्यांना हव्या त्या जागी जायची. चेहऱ्यावर काही नाही. मी माझ्या रेषेवर पंजे पालथे धरत होतो, एकही चूक न करता, आणि स्वतःवर खूश होत होतो.

पाच-चार. बाईंना एक गुण हवा. सर्व्हिस पॉलिनबाईंची. चेंडू इकडे, तिकडे, पुन्हा इकडे, आणि मग बाईंच्या बॅकहँडवर आला. त्यांनी रॅकेट मागे नेली तेव्हाच मला कळलं की हाच तो. चेंडू जाळीला घासल्यासारखा आला आणि माझ्या पुढ्यात रेषेवर पडला. लाल धूळ उडाली. इतका सुंदर चेंडू मी जन्मात पाहिला नव्हता. पंजे, शिकवणी, आरसा, सगळं डोक्यातून उडालं आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो:

"आत! आत!"

आत म्हणजे आत. संगमेश्वरात कोणालाही विचारा. पण कोर्टावर चाळीस माणसं होती, आणि त्यांतल्या एकोणचाळीस जणांनी ऐकलं 'आउट'.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला कधी साप चावला तर बहुधा तसंच वाटेल. मी पुन्हा आत-आत म्हणून दोन्ही हातांनी रेषा दाखवायला लागलो, आणि ते आणखीच वाईट दिसलं. पॉलिनबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. खुणेपासून त्या हातभर अंतरावर होत्या. त्यांनी खुणेकडे पाहिलं आणि बुटाच्या तळव्यानं ती पुसली. सावकाश, सवयीनं, आपण घरात दारापुढची वाळू पायानं सारतो तशी.

मग त्यांच्या लक्षात आलं, की सगळे त्यांच्या पायाकडे बघतायत. पुढच्या खुर्चीवरच्या त्यांच्या मुलानं मान खाली घातली.

हनीफभाई खुर्चीवरून बोलले. ते कधी आवाज चढवत नाहीत. "साळवी आत म्हणाला. आमच्या भाषेत आत म्हणजे इन. चेंडू इन होता."

पॉलिनबाईंचे कान लाल झाले, पण खेळाडू त्या पक्क्या होत्या. मला आउट ऐकू आलं म्हणून मी थांबले, नाहीतर तो चेंडू मी परत मारला असता, असं त्या म्हणाल्या. आणि नियम त्यांच्या बाजूनं होता. हनीफभाईंनी दाढी खाजवली, माझ्याकडे एकदा जळजळीत बघितलं आणि सांगितलं, गुण पुन्हा खेळा.

पॉलिनबाईंनी चेंडू उडवला. पहिली सर्व्हिस जाळीत. दुसरी सर्व्हिसही जाळीत, आणि दोन्ही चुकल्या की गुण समोरच्याचा. संपलं. रोझविताबाई जिंकल्या, आणि हातातली उगारलेली रॅकेट तशीच राहिली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चला, माझ्या घोटाळ्यातून भलं झालं. जे तेव्हा कोणी पाहिलं नाही ते आज चाळीस जणांनी पाहिलं. मी बाईंना तसं म्हणालोही. त्या बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होत्या.

"त्यांनी बघितलं. त्यांचं काम झालं," त्या म्हणाल्या. "माझा चेंडू कुठे आहे? मी इतकी वर्षं जाळीत अडकलेल्या सर्व्हिससाठी थांबले होते?"

मी गप्प बसलो असतो, पंजे पालथे धरून उभा राहिलो असतो, तर तो चेंडू त्यांचा होता. रेषेवरची खूण, समोर ती, आणि सगळे साक्षीदार. हे मला त्या दिवसापासून रोज आठवतं. मला विसरू द्यायचं नाही, ही सोय बाईंनी नंतरही केलीच.

दुसऱ्या दिवशी फुलं आणि पत्र आलं. पॉलिनबाईंनी दोन्ही वेळांबद्दल माफी मागितली होती. स्वच्छ, मोठ्या मनानं, स्वतःच्या हस्ताक्षरात. पत्र घेऊन मीच गेलो होतो. माझे डोळे भरून आले होते. बाईंनी ते उभ्यानं वाचलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "पुन्हा पुसलं तिनं."

मला कळलं नाही. मग त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. ती आता मोकळी झाली, हेर साल्फी. रात्री झोपेल. जागी मी.

पॉलिनबाई महिनाभर आधीच इंग्लंडला परतल्या. बाईंनी पुढच्या करारावर सही केली नाही. व्हिसा संपायला आला तसं ऑफिस आवरलं, हनीफभाईंकडून तीन रॅकेटचं नवं गटिंग करून घेतलं आणि तारा नेहमीपेक्षा कडक ओढायला सांगितल्या. हनीफभाई म्हणाले, आता आराम करा मॅडम, इंशाल्ला तब्येत सांभाळा. बाईंनी तारेवर नख वाजवून बघितलं आणि आणखी कडक, असं सांगितलं.

विमानतळावर त्यांना क्लबाच्या व्हॅननं मी सोडलं. गुडघा सुजला होता म्हणून व्हीलचेअर मागवली होती. काउंटरवर बॅगेला चिकटलेली चिठ्ठी मी वाचली आणि घाईघाईनं त्या मुलीला सांगितलं, चूक झाली, मॅडमना जर्मनीला जायचंय. हे लंडन आहे.

"चूक तुझी आहे," बाई म्हणाल्या. "लंडनच."

मी रॅकेटची बॅग त्यांच्या मांडीवर ठेवली. सोबत येऊ का, असं म्हणायची माझी लायकी नव्हती, तरी तसं काहीतरी बोललो. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. तिथे रेषेवर बहिरा चालेल, आंधळासुद्धा चालेल, पण कोकणातला माणूस नको, असं म्हणाल्या.

"आणि त्यांनी खेळायलाच नकार दिला तर?" मी विचारलं.

"तर मी शेजारी घर घेईन."

व्हीलचेअर ढकलणारा माणूस सुस्त होता. सुरक्षा तपासणीच्या दारापर्यंत तो रमतगमत निघाला. थोडं पुढे गेल्यावर बाईंनी उजवा पाय खाली टेकला आणि फरशीला रेटा दिला. मग आणखी एक. खुर्ची त्याच्या हातातून सुटली आणि तो मॅडम, मॅडम करत मागून धावायला लागला.